स्टोरेज ड्रायव्हरमधली कनेक्शनची स्टेट: सुटे फ्लॅग की एकच दार?

मध्यरात्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नेटवर्कवरून चालणाऱ्या ब्लॉक डिव्हाइसचा (म्हणजे डिस्कसारख्या साधनाचा) एक लिनक्स ड्रायव्हर आमच्या टीमकडे देखभालीला आला आहे. पलीकडे टार्गेट (डेटा साठवणारं मशीन), मध्ये टीसीपी, अलीकडे ब्लॉक-एमक्यू (कर्नलमधली रिक्वेस्टच्या रांगा सांभाळणारी यंत्रणा). आयओचा, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा, मार्ग ठीक आहे. अडलंय ते कनेक्शनच्या स्टेटपाशी. सध्या तीन बूलियन (हो-नाही फ्लॅग) आहेत: कनेक्टेड, रिकनेक्टिंग, रिमूव्हिंग. त्यांना हात लावणारे पाच जण: सॉकेटचा कॉलबॅक, रिक्वेस्टचा टाइमआउट, रिकनेक्टचं वर्क (मागे चालणारं काम), सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींतून) येणारं डिलीट आणि मॉड्यूल काढताना चालणारा एक्झिटचा कोड.

टीममध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, बूलियन काढून अ‍ॅटॉमिक बिट (मध्ये कुणी न घुसता एका झटक्यात बदलणारे) घाला, काम झालं. दुसरा म्हणतो, एकच एनम (ठरलेल्या नावांपैकी एका वेळी एकच किंमत घेणारा) आणि एकच लॉक हवं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण कारणं नेमकी मांडायला हवी आहेत. असे ड्रायव्हर ज्यांनी वाचलेत किंवा लिहिलेत त्यांनी हात राखून न ठेवता लिहावं.

गाभारा

मध्यरात्र, आधी अ‍ॅटॉमिक बिटांचं बघू. तीन बिटांच्या आठ जोड्या होतात. त्यातल्या किती जोड्यांना अर्थ आहे, ते कागदावर लिहून काढा. 'कनेक्टेड' आणि 'रिकनेक्टिंग' दोन्ही लागलेले दिसले तर काय समजायचं? नवं सॉकेट जुळलंय पण लॉगिन बाकी आहे, की जुनं सॉकेट मेलंय आणि बिट उतरवायचा राहिलाय? अ‍ॅटॉमिक ऑपरेशन एकेका बिटाची काळजी घेतं. दोन बिटांमधलं नातं सांभाळणं त्याच्या आवाक्यातलं नाही, आणि आपले बग सगळे त्या नात्यातच असतात.

आता लिनक्सच्या एनव्हीएमई (एसएसडीशी बोलण्याचा प्रोटोकॉल) कोअरमध्ये काय केलंय ते बघा. कंट्रोलरच्या स्टेट अशा: न्यू, लाइव्ह, रिसेटिंग, कनेक्टिंग, डिलीटिंग, डिलीटिंग-नोआयओ, डेड. बदलण्याचं फंक्शन एकच, एनव्हीएमई_चेंज_सीटीआरएल_स्टेट. ते स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत कोअरला फिरत थांबवणारं लॉक) घेतं आणि आत दुहेरी स्विच आहे: बाहेरचा नव्या स्टेटवर, आतला जुन्या स्टेटवर. जोडी मान्य असली तर बदल होतो, नाहीतर काहीही न बदलता फॉल्स परत येतं. रिसेटिंगला फक्त न्यू किंवा लाइव्हमधून जाता येतं. डिलीटिंगमधून लाइव्हला परतीची वाटच नाही.

लोक हे वाचतात आणि 'बरं, व्हॅलिडेशन आहे' म्हणून पुढे जातात. खरी गंमत त्या फॉल्समध्ये आहे. एनव्हीएमई-टीसीपीचं (टीसीपीवरून एनव्हीएमई चालवणाऱ्या ड्रायव्हरचं) एरर रिकव्हरी फंक्शन बघा, जेमतेम काही ओळींचं आहे. पहिली ओळ म्हणते: रिसेटिंगमध्ये जायचा प्रयत्न कर, नकार आला तर परत फिर. त्यानंतर एरर वर्क रिसेटच्या वर्कक्यूवर (मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेत) टाकलं जातं. इतकंच. सॉकेट बंद पडलं म्हणून कॉलबॅक आला, त्याच क्षणी चाळीस रिक्वेस्टना टाइमआउट झाला, वर कीप-अलाइव्हही ('जिवंत आहेस ना' विचारणारा नियमित संदेश) फसला, तरी सगळे याच फंक्शनमध्ये येतात. पहिला आत जातो, बाकीच्यांना फॉल्स मिळतं आणि ते निमूट बाहेर पडतात. 'रिकव्हरी आधीच चालू आहे का' असा वेगळा फ्लॅग लागतच नाही.

ते एरर वर्क पुढे जाऊन क्यू पाडतं आणि शेवटी कनेक्टिंगमध्ये जायला बघतं. तिथे फॉल्स आलं तर अर्थ एकच: मधल्या काळात कुणीतरी डिलीट सुरू केलंय. मग वर्क तिथेच थांबतं, पुढची आवराआवर डिलीटचा मार्ग करणार हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या तीन बूलियनच्या कोडमध्ये ही बातमी त्या वर्कपर्यंत कोणत्या वाटेने पोचते, ते शोधून बघा.

निळीशाई

उत्तम प्रतिसाद. वाखू (वाचनखूण) साठवली.

कावेरीकाठ

गाभारा, एक शंका. त्याच एनव्हीएमई-टीसीपीच्या क्यूवर तर बिट आहेत! अ‍ॅलोकेटेड आणि लाइव्ह असे. म्हणजे तिथे बिट चालतात आणि वर चालत नाहीत, असं का?

गाभारा

कावेरीकाठ, प्रश्न अगदी मोक्याचा आहे. दोन्हींचं काम वेगळं आहे.

क्यूवरचा बिट एका वस्तूविषयीची एक साधी गोष्ट सांगतो: या क्यूचं सॉकेट आणि मेमरी अस्तित्वात आहे की नाही. क्यू फ्री करणारं फंक्शन सुरुवातीलाच अ‍ॅलोकेटेडवर टेस्ट-अँड-क्लिअर (बिट बघून त्याच झटक्यात उतरवणं) करतं आणि बिट आधीच उतरलेला असेल तर परत जातं. त्यामुळे दोन वाटांनी कुणी आलं तरी सॉकेट एकदाच सोडलं जातं. क्यू थांबवतानाही तेच: लाइव्हवर टेस्ट-अँड-क्लिअर, आणि ज्याच्या हाती लागलेला बिट आला तोच क्यू थांबवतो. या बिटाचं दुसऱ्या कशाशी नातं नाही, म्हणून तो एकटा पुरतो.

'आता पुढे काय करायचं' हा प्रश्न मात्र कंट्रोलरच्या स्टेटचा. वस्तूचा बिट बघून धोरण ठरवायला गेलात की घोटाळा झालाच म्हणून समजा.

आडवाट

मी आयएससीएसआयच्या (नेटवर्कवरून स्कझी डिस्क वापरण्याच्या प्रोटोकॉलच्या) बाजूने लिहितो. तिथे स्टेट एका ठिकाणी नाही, थरांमध्ये आहे, आणि ते तसंच असणं भाग आहे.

प्रोटोकॉलचा दस्तऐवज, आधी २००४ चा आरएफसी ३७२० आणि मग २०१४ चा आरएफसी ७१४३, कनेक्शनच्या स्टेट एस१ पासून एस८ पर्यंत मोजतो: फ्री, मग ट्रान्सपोर्टची वाट बघणं, लॉगिनमध्ये, लॉग्ड-इन, लॉगआउटमध्ये, शेवटची क्लीनअप-वेट. सेशनच्या स्टेट त्याहून निराळ्या. लिनक्समध्ये लॉगिनची बोलणी यूजरस्पेसमधला (कर्नलबाहेरचा) आयएससीएसआयडी हा प्रोग्राम करतो आणि डेटाचा मार्ग कर्नलमध्ये असतो. म्हणजे एकाच कनेक्शनबद्दलची माहिती दोन जगांत विभागलेली. त्यावर स्कझी डिव्हाइसची स्वतःची स्टेट: रनिंग, ब्लॉक, क्वाईस, ऑफलाइन, ट्रान्सपोर्ट-ऑफलाइन वगैरे.

मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती शेवटच्या दोघींमधला फरक. कनेक्शन तुटलं की डिव्हाइस ब्लॉकमध्ये जातं, आयओ अडवून धरलं जातं. रिप्लेसमेंट टाइमआउट, जो मुळात १२० सेकंद असतो, तेवढ्यात लॉगिन परत झालं नाही तर डिव्हाइस ट्रान्सपोर्ट-ऑफलाइन होतं आणि अडलेलं आयओ एररने परत जातं. नंतर तासाभराने टार्गेट परत आलं तरी अनब्लॉकच्या वाटेने डिव्हाइस आपोआप रनिंग होतं. पण एरर हँडलरने सगळे उपाय करून हात टेकले असतील तर डिव्हाइस ऑफलाइन होतं, आणि अनब्लॉकचा कोड ऑफलाइनला हात लावत नाही. ते माणसाने सिसएफएसमध्ये लिहूनच उठवायचं.

वरून दोन्ही सारख्याच: आयओ फसतंय. पण एकीत दोष रस्त्याचा, दुसरीत डिव्हाइसचा. 'का बंद आहे' हे स्टेटच्या नावातच नोंदवलं, म्हणून नंतर 'कुणी उठवायचं' हे ठरवता येतं. एकाच 'डाउन' बिटात हे बसलं नसतं.

मध्यरात्र

आडवाट, हे फार कामाचं आहे. आमच्याकडे 'कनेक्टेड = फॉल्स' ची किमान तीन कारणं आहेत आणि कोड तिन्हींना एकच वागणूक देतो.

पुढचा प्रश्न. क्यू-आरक्यूमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेवर, स्टेट बघताना लॉक घ्यायचं का? दर सेकंदाला लाखो रिक्वेस्ट जातात तिथे एक स्पिनलॉक म्हणजे सगळ्या कोअरची एकाच कॅशलाइनवर (मेमरीच्या एकाच छोट्या तुकड्यावर) गर्दी.

शून्यसंदर्भ

लॉक घेऊ नका. रीड-वन्सने (लॉकशिवाय, एकदाच) वाचा आणि त्या उत्तरावर फार विसंबू नका. एनव्हीएमई फॅब्रिक्समध्येही (एनव्हीएमईच्या नेटवर्कवरच्या प्रकारातही) पहिली तपासणी तेवढीच आहे: स्टेट लाइव्ह आहे ना, मग जा पुढे.

तुम्ही म्हणाल, वाचल्यावर लगेच स्टेट बदलली तर? बदलेल की. लॉक घेऊन वाचलं असतं तरी लॉक सोडल्यावर बदललीच असती. 'कनेक्टेड आहे' हे वाक्य नेहमी थोड्या वेळापूर्वीचं असतं. पलीकडच्या मशीनची वीज या क्षणी गेली असेल तर तुमच्या कर्नलला ते कळायला अजून अवकाश आहे.

म्हणून तपासणीवर सुरक्षितता उभी करायची नाही. ती उभी करायची क्वाईसवर, म्हणजे क्यू शांत करण्यावर. रिकव्हरीच्या वर्कने आधी स्टेट बदलायची, मग ब्लॉक-एमक्यूची क्यू क्वाईस करायची. क्वाईसचं फंक्शन परतलं याचा अर्थ आत्ता क्यू-आरक्यूच्या आत कुणी नाही आणि नवं कुणी येणार नाही. त्यानंतरच सॉकेट पाडायचं, त्यानंतरच अर्धवट रिक्वेस्ट रद्द करायच्या. हा क्रम उलटा केलात तर एखादा कोअर मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहीत बसेल, आणि तो बग रोजच्या वापरात दिसणारच नाही.

निळीशाई

मी या क्षेत्रात नवीन आहे म्हणून विचारते. कनेक्शन नसताना वरून आलेल्या रिक्वेस्टचं नक्की करायचं काय? धरून ठेवायची, परत पाठवायची, की फेल करायची?

आडवाट

निळीशाई, ते स्टेटवर आणि घड्याळावर अवलंबून. एनव्हीएमई फॅब्रिक्समध्ये कनेक्टिंग असताना साधी रिक्वेस्ट 'सध्या जागा नाही' अशा उत्तराने परत जाते आणि ब्लॉक लेअर ती नंतर पुन्हा पाठवतो. वर मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते) असेल तर मात्र पाथ एरर देऊन लगेच मोकळं करतात, कारण दुसरा रस्ता उपलब्ध असताना इथे अडकून काय फायदा? डिलीटिंग किंवा डेड असेल तर सरळ नकार.

घड्याळं अशी: रिकनेक्ट डिले १० सेकंद, कंट्रोलर लॉस टाइमआउट ६०० सेकंद. म्हणजे साठ प्रयत्न, मग कंट्रोलर काढून टाकायचा. उणे एक दिलं तर प्रयत्न कधीच थांबत नाहीत. मधल्या मध्ये आयओ फेल करायला लावणारा फास्ट आयओ फेल टाइमआउट वेगळा आहे आणि तो मुळात बंद असतो. फायबर चॅनेल आणि एसआरपी या स्टोरेजच्या दुसऱ्या वाहतूक-पद्धतींच्या ट्रान्सपोर्ट क्लासमध्येही हीच दोन पातळ्यांची कल्पना आहे: आधी आयओ सोडून द्या, पुष्कळ नंतर डिव्हाइसची आशा सोडा.

गाभारा

टाइमआउटचा विषय निघालाच आहे तर एक सापळा दाखवतो. मध्यरात्र, तुमच्या ड्रायव्हरमध्ये हा असण्याची शक्यता मोठी आहे.

समजा स्टेट कनेक्टिंग आहे. रिकनेक्टचं वर्क नवं सॉकेट उघडतं आणि त्यावर फॅब्रिक्सची कनेक्ट कमांड पाठवून उत्तराची वाट बघत झोपतं. टार्गेट नेमकं आत्ता गप्प झालं. कमांडचा टाइमआउट झाला, ब्लॉक लेअरने तुमचा टाइमआउट हँडलर बोलावला. हँडलर सवयीप्रमाणे म्हणतो, 'एरर रिकव्हरी सुरू करतो, तोवर टायमर पुन्हा लाव.' एरर रिकव्हरी रिसेटिंग मागते. कनेक्टिंगमधून रिसेटिंगला परवानगी नाही, फॉल्स. म्हणजे रिकव्हरी सुरूच झाली नाही. टायमर मात्र पुन्हा लागला. इकडे रिकनेक्टचं वर्क त्या कमांडसाठी झोपलेलंच आहे, आणि स्टेट पुढे नेणारा तोच एकमेव. पुढच्या टाइमआउटला हेच सगळं पुन्हा. डिलीट करायला गेलात तर डिलीटचं वर्क रिकनेक्ट संपण्याची वाट बघतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.

एनव्हीएमई-टीसीपीचा टाइमआउट हँडलर म्हणून आधी स्टेट विचारतो. लाइव्ह नसेल तर रिकव्हरीच्या फंदात न पडता ती कमांड तिथल्या तिथे एररने पूर्ण करतो. झोपलेलं वर्क जागं होतं, प्रयत्न फसला म्हणून नोंदवतं आणि पुढच्या प्रयत्नाचं वेळापत्रक लावतं. लाइव्ह असेल तरच रिकव्हरी आणि पुन्हा टायमर.

यावरून स्टेट मशीनबद्दल मला एक गोष्ट पक्की वाटते. कोणत्या जोड्या मान्य, याचा तक्ता निम्मं काम आहे. प्रत्येक स्टेटपुढे 'इथून पुढे नेण्याची जबाबदारी कोणाची, आणि तोच अडकला तर त्याला कोण सोडवणार' हेही लिहा. दुसरा रकाना रिकामा राहिला की तिथे हँग आहे.

शून्यसंदर्भ

गाभाऱ्यांच्या दुसऱ्या रकान्यात मेमरीही घाला. कनेक्टिंगमध्ये असताना मशीनची मेमरी संपत आली, कर्नल डर्टी पेज (अजून डिस्कवर न गेलेला डेटा) लिहून जागा मोकळी करायला गेला, आणि ती पेज तुमच्याच डिस्कवर जायची आहेत. रिकनेक्टच्या वर्कने साधं अ‍ॅलोकेशन मागितलं तर ते याच लिखाणाची वाट बघेल. म्हणून रिकनेक्टची वर्कक्यू मेम-रीक्लेमच्या फ्लॅगने बनवायची, म्हणजे मेमरीच्या तंगीतही तिच्यासाठी एक थ्रेड राखीव असतो, आणि त्या वाटेवरची अ‍ॅलोकेशनं नोआयओ (मेमरीसाठी आयओ सुरू न करणारी) किंवा त्याहून कडक ठेवायची. सॉकेटच्या आतली अ‍ॅलोकेशनंही विसरू नका, आयएससीएसआय-टीसीपी त्यासाठी सॉकेटचं अ‍ॅलोकेशनचं धोरणच बदलतं.

कावेरीकाठ

अजून एक बाजू कुणी मांडलेली नाही. 'जोडलेलं आहे का' याबरोबर 'कोणतं कनेक्शन' हेही स्टेटचाच भाग आहे.

एनबीडी (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस) बघा, १९९७ पासून कर्नलमध्ये असलेला साधासुधा ड्रायव्हर. त्याच्या प्रत्येक सॉकेटला एक कुकी (ओळखीचा आकडा) आहे, सॉकेट बदललं की ती वाढते. रिक्वेस्ट पाठवताना तिच्यावर त्या वेळची कुकी नोंदवली जाते. टाइमआउट झाला की हँडलर दोन्ही कुकी ताडून बघतो. जुळल्या तरच सॉकेट मेलं म्हणून जाहीर करतो. नाही जुळल्या तर ती रिक्वेस्ट जुन्या सॉकेटवरची आहे, मधल्या काळात नवं जोडलं गेलंय, आणि जुन्याच्या रागापायी नवं धडधाकट सॉकेट मारायचं कारण नाही.

दुसरी कुकी कमांडवर आहे. तारेवर जाणारा हँडल ६४ बिटांचा: खालच्या ३२ बिटांत टॅग (रिक्वेस्टचा क्रमांक), वरच्या ३२ बिटांत कमांडची कुकी. टॅग पुन्हा पुन्हा वापरले जातात. जुन्या कमांडचं उशिरा आलेलं उत्तर त्याच टॅगच्या नव्या कमांडला चिकटलं तर वाचायला गेलेल्याला दुसऱ्याच ब्लॉकचा डेटा 'यशस्वी' म्हणून मिळेल. कुकी जुळत नसली की ते उत्तर नाकारलं जातं.

लाइव्ह-डाउन-लाइव्ह असा फेरा पूर्ण झाला की एनमला काही झाल्याचं कळतच नाही, किंमत तीच दिसते. पिढीचा आकडा, म्हणजे अशी कुकी, सोबत हवाच.

आडवाट

कावेरीकाठ, शंभर टक्के सहमत. आणि हेच टार्गेटच्या बाजूलाही लागू आहे. होस्टने जुनं कनेक्शन मेलं असं ठरवलं, तीच राइट दुसऱ्या रस्त्याने पुन्हा पाठवली, ती झाली, त्यावर आणखी नवी राइट झाली. आणि मग टार्गेटच्या पोटात अडकलेली पहिली राइट जागी होऊन नव्या डेटावर जुना डेटा लिहून गेली. होस्टच्या स्टेट मशीनमध्ये सगळं बरोबर असूनही डेटा बिघडला. एका टोकाने 'तुटलं' म्हटलं म्हणजे दुसऱ्या टोकाने हातातलं काम टाकलं असं होत नाही. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये जुन्या कनेक्शनवरचं काम थांबल्याची खात्री टार्गेटकडून कशी मिळते, ते मध्यरात्र तुम्ही ड्रायव्हरच्या आधी तपासा.

झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या ब्लॉक ड्रायव्हरमध्ये दोन टोकांचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलाय. फ्रंटएंड (डिस्क वापरणारं टोक) आणि बॅकएंड (डिस्क पुरवणारं टोक) दोघांची स्वतंत्र स्टेट झेनस्टोअर या सामायिक नोंदवहीत असते. प्रत्येकाने फक्त स्वतःची लिहायची आणि दुसऱ्याची वाचायची. इनिशियलायझिंग, कनेक्टेड, क्लोजिंग, क्लोज्ड अशा पायऱ्यांवरून दोघं एकमेकांकडे बघत चढतात-उतरतात. दुसऱ्याच्या वतीने स्टेट लिहायला मुभा नाही, हे मला फार आवडतं.

मध्यरात्र

म्हणजे एकच एनम हवा हा माझा आग्रहही पूर्ण बरोबर नाही असं दिसतंय. कनेक्शन, डिव्हाइस, क्यू, पिढी, सगळ्यांच्या स्टेट वेगळ्या.

गाभारा

एनम एक की अनेक, हा मुद्दा दुय्यम आहे. डीआरबीडी (दोन मशीनवर डिस्कची सारखी प्रत ठेवणारा ड्रायव्हर) घ्या, २०१० मध्ये २.६.३३ कर्नलपासून मुख्य झाडात (कर्नलच्या अधिकृत कोडमध्ये) असलेला. त्याची स्टेट बहुपदरी आहे: माझी भूमिका, जोडीदाराची भूमिका, कनेक्शन, माझी डिस्क, त्याची डिस्क. हे सगळं बिटफील्डांनी एकाच शब्दात भरलंय. बदल करायचा तर अख्खा शब्द घेऊन यायचा. मग तपासणी दोनदा होते: येऊ घातलेली अवस्था स्वतःत सुसंगत आहे का, आणि आत्ताच्या अवस्थेतून तिथे जायला परवानगी आहे का. शिवाय मधली एक पायरी आहे, ती एक बदल मागितला की त्याच्याशी विसंगत ठरणारे बाकीचे भाग ओघाने दुरुस्त करते.

पदर कितीही असोत, बदलायचं दार एक हवं, त्या दाराला नकार देता आला पाहिजे, आणि मागणाऱ्याने नकार ऐकला पाहिजे. तुमचे तीन बूलियन नावाने तसेच राहिले, पण एका लॉकखाली एकाच फंक्शनमधून बदलू लागले, तरी निम्मं घर सावरेल. उलट सुंदर एनम करून पाच ठिकाणी थेट असाइनमेंट ठेवलीत तर काही साधलं नाही. रिव्ह्यूमध्ये मी तर परतीची किंमत न बघता स्टेट बदलणारी ओळ दिसली की तिथेच थांबतो. डिलीटचं फंक्शन असो की रिकनेक्टचं, 'नाही म्हटलं तर काय' याचं उत्तर त्या ओळीच्या खालीच दिसायला हवं.

मध्यरात्र

टीमला हेच सांगतो. शेवटचं विचारतो: याची चाचणी कशी करता? केबल काढून बघणं पुरत नाही हे कळलंय.

शून्यसंदर्भ

फायरवॉलच्या नियमाने दोन्ही तऱ्हा करा. रिजेक्ट करून टीसीपी रिसेट पाठवलात की सॉकेटचा कॉलबॅक लगेच येतो, ती सोपी वाट. ड्रॉप केलंत की सॉकेट आपलं एस्टॅब्लिश्डच दिसत राहतं आणि टाइमआउट किंवा कीप-अलाइव्हखेरीज कुणालाच काही कळत नाही. अवघड बग दुसऱ्या तऱ्हेत निघतात. ड्रॉपचा नियम नेमका लॉगिनच्या मध्यावर लावता आला तर गाभाऱ्यांचा सापळा हमखास दिसेल.

मग लूपमध्ये: आयओ चालू असताना रिसेट, रिसेट चालू असताना डिलीट, कनेक्टिंगमध्ये असताना डिलीट आणि लगेच मॉड्यूल काढणं. सगळं केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) चालू असलेल्या कर्नलवर. वर्कने स्वतःलाच कॅन्सल-सिंक (रद्द करून संपेपर्यंत थांबणं) करून अडकण्याचे प्रकार लॉकडेप पकडतो. एनव्हीएमईने रिसेट आणि डिलीटच्या वर्कक्यू वेगळ्या ठेवल्यात त्या याचसाठी: डिलीटचं वर्क रिसेटच्या वर्कला फ्लश करतं, एकाच रांगेत असते तर एकमेकांमागे अडकले असते. ब्लकटेस्ट्स या ब्लॉक लेअरच्या चाचण्यांच्या संचात एनव्हीएमई, एनबीडी आणि एसआरपीचे गट आहेत, त्यांच्या स्क्रिप्ट वाचून तुमच्या ड्रायव्हरसाठी तसाच गट लिहा.

आणि प्रत्येक स्टेट बदलावर एक ट्रेसपॉइंट (लॉगमध्ये नोंद करणारी जागा) ठेवा: जुनी स्टेट, मागितलेली स्टेट, मान्य की अमान्य, आणि कोणत्या फंक्शनने मागितली. अमान्य झालेलेही नोंदवा. मशीन हँग झाल्यावर लॉगमध्ये शेवटचा नकार कुणाला मिळाला ते बघून मी बहुतेक वेळा थेट त्या ओळीवर जाऊ शकलोय.

निळीशाई

ट्रेसपॉइंटमध्ये पिढीचा आकडाही घालायचा ना? कावेरीकाठ म्हणतात तसा लाइव्ह-डाउन-लाइव्हचा फेरा नाहीतर लॉग वाचतानाही ओळखू येणार नाही.

कावेरीकाठ

हो, घालाच. आणि तो आकडा कनेक्टिंगमधून लाइव्हला जाताना त्याच लॉकखाली वाढवा, नाहीतर नव्या कनेक्शनची पहिली काही रिक्वेस्ट जुन्या आकड्यावर नोंदली जातील.